लाल पुठ्ठा आणि हिरवा चहा

उंदरांशी माझे संबंध कधीच बरे नव्हते. बांधकाम परवानगी खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली, आणि त्यातली निदान वीस उंदरांपासून कागद वाचवण्यात गेली. नकाशांच्या कडा कुरतडणं, शिक्क्यांची शाई चाटणं, तक्रारअर्जांच्या गठ्ठ्यात बाळंत होणं, हे सगळे उद्योग मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी उंदरांच्या साक्षीवर विश्वास ठेवून दिवसाला सहा कप कडू पाणी पिऊ लागेन, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेरच काढलं असतं. पण वेळ कोणाला सांगून येत नाही.

निमित्त झालं दुधाचं. एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत वर्तमानपत्र परत करून येऊ म्हणून खाली कंपाउंडरांकडे गेलो. हे कंपाउंडर दवाखान्यातून निवृत्त झालेत, सल्ले देण्यातून नाही. त्यांनी मला बसवलं, माझी जीभ पाहिली, माझ्या गुडघ्यांबद्दल दोन शब्द बोलले, मग त्यांच्या गुडघ्यांबद्दल दोनशे. तासाभराने मी वर आलो तेव्हा भांडं काळं ठिक्कर पडलं होतं, घरभर धूर होता आणि ही, म्हणजे माझी बायको, खिडकीशी उभी राहून ताटाने धूर बाहेर घालवत होती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण मग मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

त्याच महिन्यात मी एकदा छत्री घेऊन निघालो होतो आणि कोणाची तरी काठी घेऊन परत आलो होतो. काठी चांगली होती, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की हे सगळं लेकीच्या कानावर गेलं. आमची लेक दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. ती रविवारी आली, भांड्याचा तळ पाहिला, आणि वर्गात प्रश्न मांडावा तसा तिने प्रश्न मांडला.

तो प्रश्न असा. ही धरून शाळेतल्या अकरा मैत्रिणींनी शाळा सुटली त्या दिवशी ठरवलं होतं, की सगळ्यांनी मिळून एकदा समुद्र बघायचा. मग लग्नं झाली, पोरं झाली, सासवांची आजारपणं झाली, स्वतःचे गुडघे झाले. अकरापैकी आता सात उरल्या होत्या. त्या सातजणींनी यंदा हिय्या करून आठ दिवसांची सहल ठरवली होती. बस, राहायची जागा, सगळं. नेमकं त्याच आठवड्यात लेकीला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जाणं भाग होतं.

"म्हणजे बाबा आठ दिवस घरात एकटे," लेक म्हणाली. "आणि गॅस."

"मी काय लहान मूल आहे?" मी म्हणालो.

"लहान मूल गॅस लावत नाही, बाबा."

ही मात्र हसून म्हणाली, "राहू दे गं. समुद्र काय कुठे पळून जातोय. पुढच्या वर्षी बघू." आणि सहलीचा कागद तिने कपाटात चादरींच्या खाली सरकवून ठेवला. चौतीस वर्षं मी कागद ठेवण्याचंच काम केलंय. सापडावा म्हणून ठेवलेला कागद आणि पुन्हा दिसू नये म्हणून ठेवलेला कागद यातला फरक मला लांबून कळतो. तो चादरींखाली गेला तेव्हा मला फार वाईट वाटलं. सातजणी पुढच्या वर्षी सातच राहतील, हे कोण सांगणार होतं?

मी ताडकन उभा राहिलो. "सहा आठवडे दे मला," मी लेकीला म्हणालो. "सहल त्यानंतरच्या शनिवारी निघते ना? आधीच्या गुरुवारी ये आणि माझी परीक्षा घे. पास झालो तर तुझी आई जाणार."

गणिताच्या शिक्षकाला परीक्षा म्हटलं की नाही म्हणवत नाही. तिने तिथल्या तिथे नियम सांगितले. वीस जिनसांची यादी एकदाच वाचून दाखवायची, मी दुकानात जाऊन कागदाशिवाय त्या आणायच्या. पंधरा आल्या तर पास. मधल्या काळात गॅसचा एकही प्रकार घडता कामा नये.

आता हे मी कशाच्या जोरावर बोललो, असं कोणी विचारेल. अहो, ज्या माणसाच्या निरोपसमारंभात साहेबांनी प्रशस्तिपत्रक वाचलं, की "यांच्या कारकिर्दीत एकही कागद गहाळ झाला नाही", त्याने कशाला घाबरायचं? त्या पत्रकाची एक प्रत अजून त्या रेकॉर्ड रूमच्या भिंतीवर आहे. फाइल बाहेर काढली की तिच्या जागी लाल पुठ्ठा ठेवायचा, पुठ्ठ्यावर लिहायचं फाइल कोणाकडे गेली, आणि फाइल परत आल्याशिवाय पुठ्ठा काढायचा नाही. हा माझा नियम. मोठमोठे साहेब माझ्यासमोर लाल पुठ्ठ्यावर सही करून गेलेत. हे मी लेकीला ती चौथीत असल्यापासून सांगत आलोय, त्यामुळे तिने या खेपेला ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उपाय दुसऱ्याच दिवशी सापडला, आणि तोही त्याच वर्तमानपत्रात ज्याच्यापायी दूध जळालं. लेख असा होता, की हिरव्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, आणि ती म्हाताऱ्या उंदरांना दिली तेव्हा चक्रव्यूहातली वाट त्यांना जास्त चांगली आठवू लागली. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की माणसांच्या बाबतीत अजून खात्रीने काही सांगता येत नाही, आणखी अभ्यास हवा. मी लेख कापून ठेवला. कापताना शेवटचा परिच्छेद बाहेर राहिला. कात्री बोथट होती.

डबा आणला. पहिला कप प्यालो. पावसात भिजलेलं गवत उकळून दिलं तर काय लागेल, तेच लागलं. पण औषध म्हटलं की तोंड वाकडं करायचं नाही, असं मी मनाला बजावलं आणि दुसरा प्यालो.

इथपर्यंत गोष्ट माझी एकट्याची होती. ती तशीच राहिली असती, पण मी कंपाउंडरांना सांगून बसलो.

"पाणी उकळतं घेता?" त्यांनी भुवया वर करून विचारलं. "संपलं. सगळे गुण गेले. ऐंशी अंशांवर पाहिजे. वर नाही, खाली नाही."

"ऐंशी झाले हे कळायचं कसं?"

त्यांनी आतून तापाचा थर्मामीटर आणून दिला. आता तापाचा थर्मामीटर बेचाळीसपुढे जात नाही, हे जन्मभर दवाखान्यात काढलेल्या माणसाला माहीत असायला नको? आणि मला? तो पातेल्यात टाकला आणि टिचक्कन फुटला. पारा सांडलेलं पातेलं फेकून द्यावं लागलं. दुधाच्या भांड्यानंतर हे दुसरं. हिने तिसरं पातेलं शेजारी लपवून ठेवलं, असं मला पुढे कळलं.

मग प्रश्न वेळेचा. पानं तीन मिनिटंच ठेवायची, जास्त ठेवली की कडू. मी पानं घालायचो आणि किती वाजता घातली ते विसरायचो. स्मरणशक्तीचं औषध करायला आधी स्मरणशक्ती लागते, ही अडचण लेखात कुठे लिहिलेली नव्हती. सेक्रेटरींनी त्यांच्या स्वयंपाकघरातली टिकटिक करणारी घंटा आणून दिली. हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, उत्साही गृहस्थ. गेल्या वर्षी त्यांनी खालच्या पार्किंगला चकचकीत फरश्या बसवून घेतल्या, तेव्हापासून गाडी लावण्याआधी चाकं पुसावीत अशी त्यांची अपेक्षा असते. घंटा देता देता त्यांनी माझी हकिगत काढून घेतली आणि म्हणाले, "रेकॉर्डसाहेब, हे तुमच्यापुरतं ठेवू नका. विसरायला आम्ही सगळेच लागलोय."

झालं. दुसऱ्या सोमवारपासून सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. अकरा कुटुंबांतली साठीपुढची मंडळी आपापले कप घेऊन यायची. सेक्रेटरी घंटा लावायचे, तीन मिनिटांनी ती वाजली की सगळे एकदम प्यायचे, आणि मग प्रत्येकाने उभं राहून काल काय काय जेवलो ते आठवून सांगायचं. यातून इमारतीत किमान तीन भांडणं झाली, कारण कोणाच्या घरी काय शिजलं आणि शेजाऱ्यांना काय सांगितलं होतं यात तफावत निघाली.

सल्ले तर इतके, की वहीच केली. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, डावा हात टेकवून प्यावं, मेंदूला बरं. कंपाउंडर म्हणाले, जेवणाबरोबर घेऊ नका, रक्तातलं लोह कमी होतं. एक निवृत्त रेल्वे इंजिनचालक होते, ते म्हणाले, सहा कप कसले, त्यांच्या ओळखीचा एक जण दहा घेतो. पण त्याला काय आठवतं ते त्यांना आठवेना. सहा कपांनी माझी झोप उडाली, झोप उडाली म्हणून डोकं जड झालं, आणि डोकं जड झालं म्हणून मी एके दिवशी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. मंडळींच्या मते हे चहा अंगी लागत असल्याचं लक्षण होतं.

वहीत मी रोजचा निकाल मांडत होतो. ही वीस जिनसा वाचून दाखवायची, मी म्हणून दाखवायचो. पहिल्या दिवशी अकरा आल्या. पाच आठवड्यांनी बारा. एका दिवशी चौदा आल्या होत्या, पण ही म्हणाली की त्यातल्या तीन यादीत नव्हत्याच.

"अहो, नका एवढं मनाला लावून घेऊ," ती एकदा म्हणाली. "मी मैत्रिणींना सांगून टाकते."

"शनिवारची बॅग भर," मी म्हणालो.

तिने बॅग काढली नाही. पण माझ्या लक्षात आलं, की चादरींखालचा कागद आता चादरींच्या वर आला होता. त्यानंतर माघार घ्यायची सोय राहिली नाही. मी कप वाढवून आठ केले.

उजाडला गुरुवार. लेक दहाच्या गाडीने येणार होती. साडेआठला खालून कंपाउंडरांची हाक ऐकू आली. तळमजल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात मोरीतून हिरवट तपकिरी पाणी उलटं वर येत होतं, आणि ते एका स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. प्लंबरला बोलावलं. त्याने पाइपात तार घातली, ओढली, आणि मूठभर चिकट काळपट लगदा फरशीवर टाकला.

"हा पाला कुठला?" त्याने विचारलं.

पार्किंगमध्ये जमलेली सगळी माणसं एकाएकी आपापल्या चपलांकडे पाहू लागली. अकरा घरं, दिवसाला किती कप, असे पाच आठवडे. चहा पिऊन झाला की पानं कुठे जातात, याचा विचार कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी ती मोरीत ओतली होती. मी सगळ्यात जास्त.

"खालचं ड्रेनेजचं चेंबर उघडावं लागेल," प्लंबर म्हणाला. "कुठे आहे?"

आता सेक्रेटरी चपलांकडे पाहू लागले. चेंबरचं झाकण त्यांच्या चकचकीत फरश्यांखाली गेलं होतं. कुठल्या फरशीखाली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या प्लंबरला माहीत होतं, पण तो गाव सोडून गेला होता. इमारतीच्या नकाशाची प्रत माजी सेक्रेटरींनी इतकी जपून ठेवली होती, की ती त्यांनाही सापडली नाही.

"मग सगळ्या फरश्या फोडू," प्लंबर म्हणाला आणि हातोडा उचलला. सेक्रेटरी अक्षरशः त्याच्या पुढ्यात आडवे झाले.

एवढ्यात रिक्षातून लेक उतरली. तिने घाण पाणी पाहिलं, लगदा पाहिला, माझं तोंड पाहिलं. परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल लागला होता. जिन्यात उभी असलेली ही शांतपणे म्हणाली, "कोणाच्याच घरी पाणी वापरता येत नाही. अशात यांना टाकून मी कुठे जाऊ? मी आजच कळवते त्यांना."

ती रागावली नव्हती, याचाच मला जास्त त्रास झाला. मी म्हणालो, "कळवू नकोस. मूळ नकाशा खात्यात आहे. मी आणतो. माझी रेकॉर्ड रूम आहे ती."

मी, सेक्रेटरी आणि लेक, असे तिघे निघालो. लेक का आली? ती म्हणाली, वाटेत मला रस्ता आठवतो का ते बघायला. हा टोमणा मी गिळला.

माझी रेकॉर्ड रूम. तेच लांब टेबल, त्याच लोखंडी मांडण्या, भिंतीवर माझं प्रशस्तिपत्रक, जरा वाकडं. माझ्या खुर्चीत एक तरुण रेकॉर्ड कीपर बाई बसल्या होत्या. मी खाकरलो. त्यांनी मान वर न करता एक फॉर्म पुढे सरकवला.

"मी इथे चौतीस वर्षं..."

"फॉर्म दोन प्रतींत," त्या म्हणाल्या. "फाइल नंबर लिहा."

फाइल नंबर! हजारो नंबर मला पाठ होते. स्वतःच्या इमारतीचा आठवेना. बाईंनी पत्त्यावरून संगणकात पाहिलं. "नोंद आहे, फाइल जागेवर नाही. लाल पुठ्ठाही नाही. तुमच्या काळातच गहाळ झालेली दिसते. शोधाचा अर्ज करा, सात कामाचे दिवस लागतील."

"माझ्या काळात एकही कागद गहाळ झालेला नाही," मी भिंतीकडे बोट दाखवून म्हणालो. त्यांनी पहिल्यांदाच ते पत्रक वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शोधाचा अर्ज फार सभ्यपणे माझ्यापुढे सरकवला. तो सभ्यपणा मला चांगलाच झोंबला.

मी समोरच्या खुर्चीत बसलो, दोन्ही कोपर टेबलावर टेकले आणि डोकं हातात धरलं. सात कामाचे दिवस. शनिवार परवा. म्हाताऱ्या उंदरांना वाटा आठवत होत्या आणि मला एक नंबर आठवत नव्हता. मी तसाच बसलो असताना हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. टेबल डुगडुगत नव्हतं.

हे टेबल डुगडुगायचं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून डुगडुगायचं, उजवीकडचा मागचा पाय आखूड होता. मग ते थांबलं कधी? आणि बावीस वर्षांपूर्वीची एक दुपार माझ्यासमोर लख्ख उभी राहिली. आम्हाला घर घ्यायचं होतं, म्हणून मी त्या इमारतीची फाइल स्वतःपुरती चाळायला काढली होती. स्वतःपुरती, म्हणून लाल पुठ्ठा ठेवला नव्हता. एवढ्यात मोठे साहेब तपासणीला आले. त्यांच्यासाठी चहा आला, टेबल डुगडुगलं, चहा बशीत सांडला, आणि साहेबांच्या कपाळावर आठी पडली. मी झटक्यात खाली वाकलो आणि हाताला लागेल ते आखूड पायाखाली सरकवलं. तपासणी छान झाली. टेबल इतकं छान स्थिर राहिलं, की त्याखाली काय आहे हे मी विसरलो.

फाइल कुठे आहे हे मला कळलं होतं. आता ते तोंडाने सांगायचं होतं. समोर भिंतीवर पत्रक. शेजारी लेक, चौथीपासून लाल पुठ्ठ्याची कथा ऐकत मोठी झालेली. आणि माझ्या खुर्चीत बसलेल्या बाई. चौतीस वर्षांत कमावलेलं एकच नाक, ते कापून हातात द्यायचं होतं. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, चुपचाप सात दिवसांचा अर्ज भरावा. मग कपाटातल्या चादरी आठवल्या.

"टेबल उचला," मी म्हणालो. "फाइल उजव्या मागच्या पायाखाली आहे. मीच ठेवली. पुठ्ठा ठेवला नाही. चूक माझी."

सेक्रेटरी आणि लेक यांनी टेबल उचललं. मी गुडघ्यांवर बसलो आणि फाइल ओढून काढली. चपटी झालेली, धुळीने मढलेली, पण उंदरांचा एक दात नाही. सर्वांत वरच्या पानावर पायाचा गोल ठसा. आत नकाशा, आणि नकाशात चेंबर. जिन्याच्या खांबापासून पूर्वेकडे सात फूट, भिंतीपासून चार.

लेक माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"ही बाहेर नेता येणार नाही," बाई म्हणाल्या. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. त्यांनी थोडा विचार केला. "पण ही रेकॉर्डमध्ये जागेवर नाही. जी फाइल जागेवर नाही ती मी बाहेर तरी कशी देणार? मी ती अजून पाहिलेलीच नाही. उद्या सकाळी अकराला ती मला सापडेल. तोपर्यंत टेबलावर असावी." मग त्यांनी खणातून एक लाल पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "यावर मात्र सही करा."

मी सही केली. माझ्यानंतर ही खुर्ची योग्य हातात गेली आहे, हे मी त्यांना सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. निघताना त्यांनी टेबलावर हात ठेवला तर ते डुगडुगलं. मी खिशातून माझी सहा आठवड्यांची वही काढली, आत वर्तमानपत्राचं कात्रण होतंच, आणि ती नीट घडी घालून आखूड पायाखाली सरकवली. टेबल एकदम स्थिर झालं. त्या वहीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

पुढचं सांगायला मला फार आवडतं. मी खांबापासून सात फूट मोजले, भिंतीपासून चार, आणि एका फरशीवर पाय ठेवून म्हणालो, "ही." प्लंबरने तेवढी एकच फोडली. खाली लोखंडी झाकण. ते उघडून त्याने लांब तार फिरवली, आणि गडगडाट करत सगळं पाणी निघून गेलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी एकाच फरशीचं नुकसान झालं म्हणून मला मिठी मारली. स्टुलावरून उतरलेले कंपाउंडर म्हणाले, "बघा, बावीस वर्षांपूर्वीचं आठवलं. कॅटेचिन." मी त्यांना सांगायला गेलो, की अहो, ते टेबल डुगडुगलं नाही म्हणून आठवलं. पण ऐकतोय कोण. ते दुसऱ्या दिवसापासून गाळणी वापरू लागले, एवढीच सुधारणा.

लेक वर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, बॅग भर."

"आणि वीस जिनसा?" मी विचारलं. मला उगाच मिळालेले गुण नको होते.

"बाबा, वीस जिनसा कोणीही विसरेल. स्वतःची चूक बावीस वर्षांनी आठवून चारचौघांत सांगितलीत. त्याचे गुण मी धरलेत." मग जरा थांबून म्हणाली, "पण गॅसचं काय करायचं?"

ते मला टेबलापाशीच सुचलं होतं. मी खात्यातून निघताना बाईंकडून कोरे लाल पुठ्ठे मागून आणले होते. गॅस लावला की एक पुठ्ठा दाराच्या कडीला अडकवायचा. तो निघाल्याशिवाय माणूस घराबाहेर जाणार नाही. नळ सोडला, पुठ्ठा. इस्त्री लावली, पुठ्ठा. डोकं माझं म्हातारं झालंय, ते आता मी त्याच्याकडून मान्य करून घेतलंय. पण पद्धत म्हातारी झालेली नाही. आणि मी कडू पाणी बंद केलं, त्या रात्रीपासून झोपही लागू लागली.

शुक्रवारी अकराच्या आत मी फाइल टेबलावर परत नेऊन ठेवली, आणि शनिवारी सातजणी बसमध्ये चढल्या. त्यांतल्या सर्वांत थकलेल्या बाईंना दोघींनी धरून चढवलं. ही खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत मला सूचना देत होती. बस सुटली आणि तिने शेजारणीच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा ती शाळेतली दिसली. मी तिला शाळेत असताना पाहिलेलं नाही, पण तशीच असणार. माझे डोळे भरून आले, ते मी भर बसथांब्यावर पुसले.

आठ दिवसांत काहीही जळलं नाही. एक भांडंसुद्धा नाही. नवव्या दिवशी बस यायच्या तासभर आधी मी थांब्यावर हजर होतो. ही उतरली. नाक उन्हाने सोललेलं, केसांत वाळू. तिने आधी काही विचारलंच नाही, समुद्राबद्दलच बोलत राहिली. सातही जणी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेल्या होत्या, गुडघे दुखतात त्याही. मग अचानक भानावर आली.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"कुलूप?"

"लावलंय."

"किल्ली?"

मी खिशात हात घातला. या खिशात नाही. त्या खिशात नाही. दाराला आपोआप लागणारं कुलूप आहे, आणि निघायच्या घाईत किल्ली टेबलावर राहिली होती, हे आत्ता, या क्षणी मला दिसलं. तिचा चेहरा उतरू लागला. मी पुन्हा खिशात हात घातला आणि शर्टाच्या वरच्या खिशातून एक लाल पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "दुसरी किल्ली. कंपाउंडरांकडे." खाली कंपाउंडरांची सही. तारीख ती निघाली त्याच दिवसाची.

तिने तो वाचला आणि रस्त्यावर उभी राहून इतकी हसली, की तिच्या मैत्रिणी बसमधून डोकावून बघू लागल्या.

"चला," ती म्हणाली आणि बॅग माझ्या हातात दिली. "किल्ली घेऊ, आणि त्यांच्याकडेच चहा पिऊन मग वर जाऊ."

"कुठला?" मी धास्तावून विचारलं.

"साधा," ती म्हणाली. "दूध घालून."